वाघबारशीआधीचं गवत

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्यातली, हे कधीकधी मला बायकोला विचारावं लागतं. तिला ते बरोबर सांगता येतं, कारण त्या वेळी आमच्या घरात कशावरून भांडण झालं होतं हे तिच्या पक्कं ध्यानात असतं. पण भिवंडी तालुक्यातली ही एक केस मात्र मला कोणाला विचारावी लागत नाही. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एका निरपराध बाईला मी अटक करण्याच्या बेतात होतो आणि ती अटक टळली, एवढीच गोष्ट. नावं कोणाचीच घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

निवृत्ती जवळ आली होती. कायद्याची नवी कलमं लागू झाली होती आणि जुने आकडे तोंडातून जात नव्हते. ठाणं ग्रामीण हद्दीतलं. एका अंगाला गोदामं, कंटेनरच्या रांगा आणि लूमची खडखड. दुसऱ्या अंगाला गणेशपुरीकडची भातशेती, आणि तिच्यामागे डोंगर. माझ्या हाताखाली एक जुने हवालदार होते, भिवंडीतल्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. सगळं ठाणं त्यांना चाचा म्हणायचं. मी साहेब असून मीही चाचाच म्हणायचो. त्यांना हद्दीतला प्रत्येक चहावाला ओळखायचा, आणि प्रत्येक चोरही.

त्या डोंगराच्या परिसरात जिओपार्क करायचा प्रस्ताव आला होता. फार जुन्या काळी लाव्हा थंड होऊन झालेले खडक, गरम पाण्याचे झरे, हे सगळं जपायचं, लोकांना दाखवायचं, पर्यटन वाढवायचं, अशी ती कल्पना. कागदावर चांगली होती. पण नकाशावर जी रेघ ओढली होती तिच्या आत पायथ्याच्या वारली पाड्याची गुरचराई आली, काही जणांचे वनपट्टे आले आणि डोंगराच्या माथ्यावरचा त्यांचा वाघदेवही आला. पाड्याने विरोध केला. विरोधाच्या पुढे होती एक बाई. पूर्वी उपसरपंच होती, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र टेकडीपलीकडे जाईल असा. पाड्यावर तिला सगळे बाय म्हणायचे. दिवाळीच्या तोंडावर ग्रामसभा होणार होती आणि तिथेच प्रस्तावावर हात वर व्हायचे होते. अनुसूचित क्षेत्रातली ग्रामसभा म्हणजे तिच्या ठरावाला वजन असतं. बाय सभेत बोलली तर प्रस्ताव पडणार, हे तालुक्यात शेंबडं पोरगंही सांगत होतं.

अशात एका आठवडी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, डोंगराच्या पायथ्याची सर्वेक्षणाची केबिन जळाली. पत्र्याची केबिन होती. आत यंत्रं, नकाशे, आणि जमिनीत भोक पाडून काढलेले दगडांचे नमुने. तिथला वॉचमन आग विझवायला आत घुसला आणि त्याचे दोन्ही हात भाजले. आम्ही पोहोचलो तेव्हा पत्रा अजून कडकडत होता आणि वॉचमन रस्त्याच्या कडेला बसून हात हवेत धरून नुसता कण्हत होता. त्याला आधी हॉस्पिटलला धाडला, मग पंचनामा.

फिर्याद दिली प्रकल्पाच्या मॅडमनी. तरुण मुलगी, भूगर्भशास्त्र शिकलेली, डोळे रडून लाल. फिर्यादीत संशयित म्हणून बायचं नाव आणि 'इतर आठ-दहा अनोळखी इसम'. हे अनोळखी इसम फार सोयीचे असतात. ज्याला उचलाल तो त्यात बसतो. मी मॅडमना विचारलं, "तुम्ही स्वतः कोणाला पाहिलंत?"

"नाही सर. मी ठाणे शहरात मीटिंगला होते. नाव मला इथे सांगितलं गेलं."

"कोणी सांगितलं?"

त्यांनी एका जमिनीच्या दलालाचं नाव घेतलं. भिवंडीत त्याची गोदामं होती आणि अलीकडे तो डोंगराच्या पायथ्याशी बराच दिसायचा. सगळे त्याला शेठ म्हणायचे. आणि काय योगायोग बघा, दुसऱ्याच दिवशी सकाळी शेठ स्वतः ठाण्यात हजर. पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा.

"साहेब, खबर पक्की आहे. डोळ्यांनी पाहिलेला माणूस देतो तुम्हाला. पाड्यातलाच आहे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाहेरच्याने आळ घेतला."

आता माझा आयुष्यभराचा एक अनुभव आहे. खबर देणारा माणूस खबर देतो आणि पळतो. त्याला ठाण्याच्या दारातही थांबायचं नसतं. हा बाबा मात्र खुर्चीवर ठाण मांडून बसला. चहा प्यायला, दुसरा मागवला, आणि वर मलाच विचारतो, "मग अटक आज की उद्या?" माझं डोकं सणकलं. म्हटलं, "शेठ, अटकेचा मुहूर्त काढायला मी भटजी नाही. साक्षीदार आणा, मग बघू." पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला. चाचांना तेवढं पटलं नाही, ते पेढ्यांचे शौकीन.

शेठच्या एका माणसासोबत साक्षीदार आला. तिशीतला वारली, पाड्यावर वाढलेला, काही वर्षांपासून भिवंडीत गोदामात हमाली करणारा. मी त्याचा जबाब घेतला. तो सांगत गेला, मी लिहून घेत गेलो. "मी कामावर सुट्टी घेऊन पाड्यावर आलो हुतो. भावाच्या म्हशीसाठी डोंगरावर गवत कापत हुतो. वरून खाली केबिन दिसते. तवा मी बघितलं, बाय आनी आठ-दहा जनं कॅन घेऊन आली. वतलं आन काडी लावली."

सगळं सरळ, स्वच्छ. हा सरळपणाच मला खुपला. खरा साक्षीदार अडखळतो, मागे जातो, 'नाही नाही, त्याच्याआधी' म्हणतो. हा पाठ केल्यासारखं बोलला. फक्त गवताचं वाक्य बोलताना त्याने मान वर करून माझ्याकडे टक लावून पाहिलं. का पाहिलं ते मला तेव्हा कळलं नाही.

वरिष्ठांचा फोन आला. "प्रत्यक्षदर्शी आहे, मग थांबलात कशाला? ग्रामसभेआधी वातावरण बिघडायला नको." म्हटलं, "सर, जागेची खात्री करतो आणि लगेच पुढची कारवाई." फोन ठेवला आणि चाचांना म्हणालो, "चाचा, वातावरण बिघडायला नको म्हणून बाईला आत टाकायची. कमाल आहे!" चाचा म्हणाले, "साहेब, ऊपरवाले को जल्दी रहती है। नीचेवाले को जवाब देना पडता है।"

बायला बोलावणं धाडायच्या आधीच बाय एसटीने आली. ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर. मी आत बोलावलं.

"केबिन तू जाळलीस?"

"मी न्हाय जाळली. जाळायची असती तं तुला सांगून जाळली असती."

चाचा गडबडले. "ताई, साहेबांना तुम्ही म्हणा."

"आमी देवाला बी तू म्हनतो. ह्यो काय देवापरीस मोठा हाय?"

मला हसू आलं. दाबलं. "त्या दिवशी दुपारी कुठे होतीस?"

"डोंगरावर. वाघदेवाची जागा साफ करत हुते. एकलीच हुते. पाडा बाजारात गेल्ता."

म्हणजे साक्षीदार नाही, पुरावा नाही. मी तिला तसं सांगितलं. अटक झाली तर काय होईल तेही सांगितलं. जाळपोळ आणि माणूस जखमी, जामीन लगेच मिळणार नाही, ग्रामसभा तिच्याविना होईल. पहिल्यांदाच तिचा चेहरा उतरला.

"साहेब," ती म्हणाली. आता तिने साहेब म्हटलं. "मना आत टाक, काय न्हाय. मी काय बसून ऱ्हाईन. पन सभा झाल्यावर टाक. लोक दगड बघाया येतील म्हनत्यात, येऊ दे की! आमी दाखवू. पन कुंपन घालतील, अन आमच्याच देवाला जाया आमाला तिकीट काढाया लावतील. एकदा हात वर झालं का खाली येत न्हाईत."

त्या बाईला ग्रामसभेआधी अडकवण्यात कोणाचं भलं आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळायला लागला. पण प्रश्न म्हणजे पुरावा नव्हे. माझ्यासमोर डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार होता, आणि साक्षीदाराला खोटा पाडायचा तर त्याच्याच पायाखालची जमीन तपासायला हवी. ठरवलं, साक्षीदाराला डोंगरावर न्यायचा आणि तो उभा होता तिथून खरंच केबिन दिसते का ते पंचांसमक्ष पाहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी, चाचा, दोन पंच, व्हिडिओ काढायला एक शिपाई, आणि साक्षीदार. पोलीस डोंगर चढतायत म्हटल्यावर पाड्यातल्या बायका मागोमाग आल्या, त्यांच्यात बायही होती. मी अडवलं नाही. पंचनामा उघड्यावर असतो, बघू देत. पावसाळा संपलेला, गवत कमरेएवढं वाढलेलं, पिवळसर पडायला लागलेलं. माझ्या पॅन्टला गवताची कुसळं चिकटली आणि शुगरमुळे मला धाप लागली. बायका मात्र घरातून ओट्यावर यावं तशा चढत होत्या, आणि कोणी बोलत नव्हतं. त्यांच्यातला एक जण बायविरुद्ध उभा राहिला होता. त्याच्याकडे त्या पाहत नव्हत्या आणि थुंकतही नव्हत्या, नुसती पाठ करून चालत होत्या.

"इथंच हुतो," साक्षीदार थांबला. खाली केबिनचा जळका सांगाडा स्पष्ट दिसत होता. त्याचा मुद्दा बरोबर निघाला. माझं मन खट्टू झालं.

मी मोठ्या आवाजात, व्हिडिओत यावं म्हणून, विचारलं, "इथे उभा राहून तू काय करत होतास?"

"गवत कापत हुतो."

मागे एक म्हातारी फिसकन हसली. तिच्या शेजारची हसली. मग सगळ्याच. तोंडाला पदर लावून, एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून, पोट धरून हसायला लागल्या. इतका वेळ मयताला निघाल्यासारख्या चाललेल्या त्या बायका, आणि आता हसून हसून एकीला खाली बसावं लागलं.

मी तडकलो. "हसायला काय झालं? सरकारी काम चाललंय!"

"अरं साहेब," म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "ह्यो म्हनतो गवत कापलं! ह्या डोंगराचं!"

"मग?"

बाय पुढे झाली. ती हसत नव्हती. ती साक्षीदाराकडे एकटक बघत होती. "ह्या डोंगराच्या गवताला वाघबारस झाल्याबिगर इळा लागत न्हाय. ह्यो डोंगर वाघदेवाचा. वाघबारशीला पूजा व्हते, मंग आमी गवत कापतो. त्याच्या आधी कापलं तं ढोरं मरत्यात म्हनत्यात. आमचा बाप न्हाय कापला, आजा न्हाय कापला. खायला नसलं तं ढोरं दुसरीकडं नेतो, पन ह्याला हात न्हाय लावत."

मी वळून उताराकडे पाहिलं. वाघबारस दिवाळीच्या सुरुवातीला, अजून यायची होती. आजूबाजूच्या टेकड्यांवर कापणी सुरू झाली होती, गवताच्या भाऱ्यांचे टेम्पो मुंबईच्या तबेल्यांकडे रोज जात होते. आणि हा एक उतार, ज्याच्या मधोमध मी धापा टाकत उभा होतो, अख्खाच्या अख्खा उभा. एक मूठभर जागासुद्धा कापलेली नव्हती. सकाळपासून मी त्यातूनच चालत होतो.

चाचा कानाशी म्हणाले, "साहेब, झूठ बोला है, मगर इतना बडा झूठ? ये तो इधर ही पैदा हुआ है।"

तीच तर मेख होती. शेठने बाहेरचा माणूस आणला असता आणि तो चुकला असता, तर समजण्यासारखं होतं. हा पाड्यावर वाढलेला. लग्न होईपर्यंत ह्याच डोंगरावर गुरं वळलेला. कोणी मला सांगितलं की 'मी देवळात चपला घालून गेलो होतो', तर मी त्याच्याकडे जसं पाहीन, तसं मी साक्षीदाराकडे पाहिलं. आणि त्याच्या तोंडावर लाज नव्हती. त्याने खांदे खाली सोडले होते. डोक्यावरचं पोतं उतरवल्यावर हमाल सोडतो ना, तसे.

मी सगळ्यांना खाली पाठवलं. चाचा आणि मी, आणि तो. एका खडकावर बसलो. थर्मासमधला चहा त्याला दिला.

"हे गवताचं शेठने सांगितलं तुला बोलायला?"

"न्हाय साहेब. शेठ बोलला, तू डोंगरावर हुता आसं सांग. कशाला हुता, ते मी माझ्या मनानं घातलं."

"का घातलंस?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "आमच्यातला कोनी बी ऐकंल तं त्याला लगीच कळंल का ह्यो खोटा बोलतोय. पन तुमच्या ठान्यात आमच्यातला कोनी हाये का, साहेब? मी वाट बघत हुतो, कोनी तरी हसंल म्हनून."

"आणि कोणीच हसलं नसतं तर?"

तो रडायला लागला. "बाय मना मावशी लागते. माझी आई मेली तवा तिनं भाकर दिली मना. बायकू नं पोरगी शेठच्या खोलीत ऱ्हात्यात. आमची दोघांची ड्युटी त्याच्याच गोदामात. तो बोलला, जबाब दे न्हाय तं आज खोली खाली कर, अन भिवंडीत कुठं काम करशील ते मी बघतो. मी त्या दिशी पाड्यावर नव्हतोच. गोदामात हुतो, शिफ्टला. गेटच्या कॅमेऱ्यात मी असन."

चाचांसारखा माणूस, आयुष्य चोर-दरोडेखोर बघण्यात गेलेला, त्याने तोंड फिरवलं. ठाण्यात, पोलिसांपुढे, शेठच्या माणसाच्या देखत त्या हमालाला खरं बोलता येत नव्हतं. मग तो असं खोटं बोलला की ते खोटंच खरं बोलेल. वकिलीची सनद घेतलेल्या माणसालाही हे सुचलं नसतं.

आता घाई होती. बायका हसल्याची बातमी खाली पोचली की शेठला कळणार, आणि कळलं की पहिला घाव साक्षीदाराच्या घरावर पडणार. चाचा आणि आमची एक महिला शिपाई परस्पर भिवंडीला गेली. शेठच्या चाळीतून साक्षीदाराची बायको आणि मुलगी बाहेर काढली. बायकोने घाबरून विचारलं, "आमी काय केलं?" चाचा म्हणाले, "तुम्ही काही केलं नाही बेटी, तुझ्या नवऱ्याने केलंय. चांगलं केलंय. भांडी घे आणि चल." त्या दोघी त्या दिवसापुरत्या चाचांच्या घरी राहिल्या. चाचीने मुलीला खीर करून घातली, हे मला नंतर कळलं. तोपर्यंत मी गोदामाच्या गेटचं चित्रण ताब्यात घेतलं होतं. ज्या दुपारी तो डोंगरावरून आग बघत होता म्हणे, त्या दुपारी तो कॅमेऱ्यासमोर पाठीवर गाठोडं घेऊन चालला होता.

पण साक्षीदार खोटा ठरला म्हणून आग लावणारा सापडत नाही. वॉचमनकडे गेलो. हॉस्पिटलच्या खाटेवर, दोन्ही हात पट्ट्यांत, उत्तर प्रदेशचा साधा माणूस.

"आग लागली तेव्हा तू केबिनवर नव्हतास. कुठे होतास?"

"साहब, फोन आया था। चाय पीने बुलाया था, नाके पे। आधे रास्ते में पीछे देखा तो धुआँ।"

"कोणाचा फोन?"

गाववाल्याचा, तो म्हणाला. गाववाला कोण? शेठचा ड्रायव्हर. दोघे एकाच गावचे, एकाच गाडीने मुंबईला आलेले. फोनचे तपशील मागवले, तेही जुळले.

ड्रायव्हरला आणला तेव्हा तो तयारीनिशी आला होता. वकिलाचा नंबर पाठ, उत्तरं पाठ. तरुण अधिकारी अशा वेळी आवाज चढवतात. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही, प्रश्नही विचारला नाही. जीपमध्ये बसवला आणि हॉस्पिटलला घेऊन गेलो. वॉर्डच्या दारात उभा केला. आत नर्स वॉचमनला चमच्याने खिचडी भरवत होती, कारण त्याला चमचा धरता येत नव्हता. वॉचमनने ह्याला पाहिलं आणि खुलला. "अरे, आ गया तू? घर पे मत बोलना हाथ का, अम्मा घबरा जाएगी।"

ड्रायव्हर तिथेच भिंतीला धरून खाली बसला. "साहब, मैंने तो इसको बाहर बुलाया था कि इसको कुछ न हो। सेठ बोला था खाली धुआँ करना है, थोडा सामान जलेगा बस। ये पागल वापस दौडा क्यों?" मग सगळं बाहेर आलं. थिनरचा कॅन गोदामातला. पायथ्याला शेठने दुसऱ्यांच्या नावांवर जमिनी उचललेल्या, जिओपार्क आला की तिथे रिसॉर्ट काढायला. प्रस्तावाच्या वाटेत बाय उभी. केबिन जळाली तर प्रकल्पाचं फार बिघडत नाही, पण बाय आत जाते. हिशेब सरळ होता.

शेठला आम्ही त्याच्या ऑफिसमधून उचलला. तेव्हा तो फोनवर ग्रामसभेच्या मंडपाची आणि खुर्च्यांची ऑर्डर देत होता. स्वखर्चाने, गावाच्या सेवेसाठी! मला बघून म्हणाला, "या साहेब, बसा, चहा घ्या." मी म्हटलं, "चहा आता आमच्याकडे घ्यायचा. खुर्च्यांचं तेवढं रद्द करा." चाचा जिन्यात हसत होते, मला ऐकू येत होतं. नोकरीत अशी वाक्यं बोलायला फार क्वचित मिळतात, ती चुकवायची नसतात.

साक्षीदाराचा दंडाधिकाऱ्यांपुढे नव्याने जबाब झाला. बायविरुद्ध काही राहिलं नाही. वरिष्ठांचा फोन आला, "उत्तम तपास." मी "थँक्यू सर" म्हणालो आणि मागच्या फोनची आठवण करून दिली नाही.

ग्रामसभेला माझा बंदोबस्त होता. पोलिसांनी सभेपासून लांब उभं राहायचं असतं, म्हणून मी शाळेच्या कुंपणाला टेकून होतो. खुर्च्या आल्या नाहीत, लोक ऐसपैस जमिनीवर बसले. प्रकल्पाच्या मॅडमनी उभं राहून स्वच्छ सांगितलं की फिर्यादीत नाव घातल्याबद्दल त्या बायची माफी मागतात, आणि पुढची रेघ गावासोबत चालून काढल्याशिवाय त्या पुन्हा येणार नाहीत. मला ती मुलगी आवडली. मग बाय उठली. मोठं भाषण केलं नाही. म्हणाली, "दगड बघाया या. आमी घेऊन जाऊ, आमी सांगू, आमच्या घरी भाकर खा. पन रेघ आमची, कुंपन न्हाय." आणि हात वर झाले. एवढे हात मी एका वेळी कधी पाहिले नाहीत. म्हाताऱ्यांचे, सुनांचे, काठीसकट वर गेलेले. ग्रामसेवक मोजता मोजता दोनदा चुकला.

साक्षीदार मात्र सभेबाहेर उभा होता, बायको-मुलीला घेऊन, माझ्यापासून थोड्या अंतरावर. आत जायची हिंमत नव्हती. बायने बसलेल्या लोकांवरून आवाज दिला, "ये रं! तिथं काय करतो? तुझा हात कोन वर करंल?" लोक वळले. मग डोंगरावरची तीच म्हातारी मोठ्याने म्हणाली, "या, या, गवतवाले!" आणि सगळी सभा हसली. तोही हसला. आत जाऊन बसला आणि त्याने हात वर केला. प्रस्ताव नामंजूर झाला. पोरांनी तारपा वाजवायला घेतला, आणि माझे चाचा, ज्यांना गुडघ्याचा त्रास होता, ते जीपमध्ये बसून बोटांनी ठेका धरत होते. मला त्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी पदक दिलं असतं तरी इतकं बरं वाटलं नसतं.

या केसने मला काय शिकवलं? निवृत्तीच्या उंबऱ्यावर शिकायला मिळालं, हे नशीब. आम्ही साक्षीदाराला त्याच्या माणसांपासून तोडतो, बंद खोलीत नेतो, आणि समजतो की आता हा खरं बोलेल. कधीकधी उलटं असतं. कायद्याला, लाठीला, शेठला माणूस भितो आणि खोटं बोलतो. पण ज्यांनी त्याला भाकर दिली त्यांच्यासमोर खोटं बोलणं त्याला जमत नाही. नव्या पोरांना मी हेच सांगतो. साक्षीदाराची जागा बघा, आणि जागेवर त्याचे शेजारी उभे राहू द्या. ते हसले तर का हसले, ते विचारा.

शेठ जामिनावर आहे. खटला उभा राहिला तेव्हा मी निवृत्त झालो होतो, पण माझी साक्ष आटोपून कोर्टातच थांबलो होतो. साक्षीदाराची उलटतपासणी मी मागच्या बाकावरून ऐकली. शेठचा वकील हुशार. त्याने चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "तुम्ही पोलिसांपुढे एकदा खोटं सांगितलंत, हे कबूल आहे ना?"

"व्हय."

"जो माणूस एकदा खोटं बोलला, तो आज खरं बोलतोय कशावरून?"

साक्षीदाराने कठड्याला धरलं. त्याने ना वकिलाकडे पाहिलं, ना न्यायाधीशांकडे. माझ्या शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बायकडे पाहिलं.

"तवा ती समोर नव्हती," तो म्हणाला. "आज हाय."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे नोंदवून घ्यायला सांगितले.